चालक क्रमांक अकरा

८ जानेवारी २०२५, बुधवार

परिवहन संस्थेच्या नव्या बारा गाड्या आज आगारात लागल्या. पांढऱ्याशुभ्र, बाजूने निळा पट्टा. चालकाने बटण दाबलं की दार हवेवर फुस्स करून उघडतं आणि तसंच मिटतं. नारळ फुटले, पेढे वाटले. मीही चार नंबरच्या गाडीत पाच मिनिटं बसून आले. सीट खरंच छान आहेत.

दुपारी कलशेट्टी साहेबांनी बोलावलं. त्यांना आगार व्यवस्थापक होऊन अजून वर्ष झालं नाही, पण आधीच्या कुठल्याही साहेबांना सुचलं नाही ते यांना सुचलं. नव्या गाड्यांबद्दल चालकांची मतं गोळा करायची. महिनाअखेर अहवाल, आणि त्यावर पुढच्या बारा गाड्यांची मागणी. छापील तक्त्यात चारच चौकटी होत्या: उत्तम, चांगली, साधारण, खराब. मी म्हटलं, सर, त्यांच्या शब्दांतही लिहून घेऊ का?

"घ्या की. तुम्हाला लिहायची हौस आहेच, चंद्रिका मॅडम."

"नावं नकोत ना?"

"नावं कशाला? क्रमांक द्या."

बावीस वर्षं या कचेरीत मी ड्यूटीचे तक्ते आणि रजेचे अर्ज लिहिते आहे. बी.ए.ला सांख्यिकी घेतलं होतं, त्याचा पहिल्यांदा उपयोग होणार. मत देणाऱ्याचं वय, सेवा आणि मार्ग लिहिल्याशिवाय मताला किंमत नसते, हे आमचे सर दर तासाला सांगत. तीन रकाने वाढवले.

१० जानेवारी, शुक्रवार

विश्रांतिकक्षात सात जण भेटले. सातही जणांचं "उत्तम".

"लई भारी गाडी हाय मॅडम," कुंडलिक म्हणाला. पस्तिशीचा आहे, मूळचा मोडनिंबचा, तोंडाळ. "सीट अशी, की पाशिंजरच्या आदी मलाच झोप येती."

"आणि त्रास काही?"

"तरास एकच. माजी बायको म्हनती, गाडी नवी आन् डायवर जुना."

सगळे हसले. मीही हसले. कागदावर मात्र "उत्तम" याशिवाय काही नाही. सगळं उत्तम असेल तर चांगलंच आहे. पण मग या बोलण्याला पाठ केल्याचा वास का येतोय? की मला दोष हवे आहेत, अहवाल भरदार दिसावा म्हणून?

१४ जानेवारी, मंगळवार

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेसाठी जादा गाड्या. दिवसभर आगार गजबजलेलं.

आज एक गोष्ट लक्षात आली. बावीस वर्षं तिच्या शेजारून रोज जाते आहे. पाळी बदलताना उतरणारा चालक चढणाऱ्याला नुसती किल्ली देत नाही. किल्ली त्याच्या हातावर ठेवतो, पण सोडत नाही. तशीच धरून दोन वाक्यं बोलतो, मग सोडतो. "डावीकडं वडती, संबाळ." "दुसरा गेर दमानं टाक." गाडीचे सगळे दोष असे किल्लीबरोबर जातात. कागदावर नाही. तक्रारवहीत लिहिलं की गाडी शेडला जाते आणि लिहिणारा दिवसभर बिनगाडीचा बसून राहतो, म्हणून कोणी लिहीत नाही.

चार नंबरच्या गाडीजवळ उभी राहिले. तिचे चालक धुळाप्पा किल्ली देत होते. एकच वाक्य: "कामतीपातुर हवा निम्मी व्हती. दार कमी उघड."

मी विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, "काय न्हाय मॅडम. आपलं उगं."

१८ जानेवारी, शनिवार

सुट्टी होती. अव्वाचं, म्हणजे आईचं, जेवण झाकून ठेवलं आणि धुळाप्पांच्या मंगळवेढा गाडीत बसले. कोणी सांगितलं नव्हतं. पण "आपलं उगं" असं अहवालात कसं लिहिणार?

गाडी थांबे घेत जाते. वाटेत तिऱ्ह्याच्या थांब्यावर दार चार वेळा उघडावं लागलं. एकदा पोतं अडकलं, एकदा म्हातारा उतरून परत चढला. धुळाप्पांनी मान न वळवता हवेच्या काट्याकडे बोट केलं. निघताना आठवर होता. कामतीच्या अलीकडे पाचावर, आणि बझर वाजायला लागला.

त्यांनी गाडी कडेला घेतली, खिशातून निळी नायलॉनची दोरी काढली आणि दार उघडं ठेवून दांड्याला बांधलं. कंडक्टर सवयीने पायरीवर आडवा उभा राहिला.

"एकच टाकी हाय मॅडम," ते परत बसत म्हणाले. "त्याच हवेवर दार, त्याच हवेवर ब्रेक. लांब पल्ल्याच्या गाडीला कळत न्हाय, तिचं दार दोनदा उघडतंय. आमचं साठ येळा. आता तुमीच सांगा, हवा दाराला देऊ का ब्रेकला?"

बेगमपूरपर्यंत काटा सातावर आला.

"सगळेच बांधतात?"

"मी माजं सांगतो. दुसऱ्याचं दुसऱ्याला इचारा."

"हे लिहू का?"

"लिवा की. कुनीतरी लिवाय पायजेच. नाव तेवडं घालू नका. मे म्हयन्यात सुटतोय मी. चार म्हयने राहिले."

मी शब्द दिला.

२७ जानेवारी, सोमवार

एकतीस जणांची मतं झाली. मंगळवेढ्याहून आल्यावर सगळ्यांना पुन्हा भेटले आणि नेमकं हवेबद्दलच विचारलं. थांबे घेणाऱ्या गाड्यांवर नऊ चालक आहेत, त्यांपैकी सात म्हणाले की हवा उतरते. दोरीबद्दल मात्र सातांपैकी सहा गप्प. "कसली दोरी मॅडम?" असं कुंडलिकने विचारलं, तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशातून निळं टोक दिसत होतं. पण दिसलं म्हणजे त्याने सांगितलं असं होत नाही.

तासभर एका वाक्यावर अडले. "काही चालक दार दोरीने बांधून ठेवतात" असं लिहिलं होतं, ते खोडलं. सांगितलं एकानेच. "काही" लिहिणं म्हणजे जे बोलले नाहीत त्यांच्या तोंडी माझं वाक्य घालणं. शेवटी असं लिहिलं:

"चालक क्र. ११. वय ५७, सेवा २९ वर्षे, मार्ग मंगळवेढा मुक्काम. 'एकाच टाकीवर दार आणि ब्रेक असल्याने हवा पुरत नाही. ब्रेकसाठी हवा राहावी म्हणून मी दार उघडे ठेवून दोरीने बांधतो.'"

नाव कुठेही नाही. दोनदा तपासलं.

३० जानेवारी, गुरुवार

साहेबांनी अख्खा अहवाल माझ्यासमोर वाचला. इतक्या बारकाईने माझा कागद आजवर कोणी वाचला नव्हता.

"अकरा नंबर कोण?"

"सर, ते मी सांगू शकत नाही."

ते हसले. "नका सांगू. तुमच्या या स्वभावाचाच मला आदर आहे." मग त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने बारीकशी खूण केली आणि पान उलटलं. म्हणजे हवेचा प्रश्न त्यांनी मनावर घेतला. पुढे म्हणाले, प्रत्येक पानावर सही करा, नुसती शेवटी नको.

घरी येताना भवानी पेठेच्या कोपऱ्यावरून अव्वासाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेतली. बऱ्याच दिवसांनी असं हलकं वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गाड्या बांधणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. रिकामी गाडी आगारातच उभी, इंजिन जोरात रेटलेलं, दार दहा वेळा उघडलं, मिटलं. काटा हलला नाही. "दोष आढळला नाही." मी म्हटलं, तिऱ्ह्यापर्यंत भरल्या गाडीत चला ना. त्यांना परतीची गाडी गाठायची होती.

नंतर साहेबांनी परिपत्रक लिहायला दिलं: चालत्या गाडीचं दार कोणत्याही कारणाने उघडं ठेवू नये, बांधू नये, उल्लंघनास चालक व्यक्तिशः जबाबदार. सगळ्या चालकांच्या सह्या घेतल्या. मसुदा माझा, भाषा मीच नीट केली.

कारवाई झाली, पण दोरीवर झाली. हवेवर नाही. साहेब म्हणाले, टाकी गॅरंटीत आहे, कंपनी बघते आहे, एकदम सगळं होत नसतं. बरोबर आहे. आठ दिवसांनी आठवणपत्र द्यायचं ठरवलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आठवणपत्र दिलं. पोच नाही.

धुळाप्पा फाटकापाशी भेटले.

"सही केली का?"

"केली की. समद्यांनी केली."

"आणि आता... बांधता?"

"ब्रेक लागाय पायजे का नको, मॅडम?"

हे कुठल्या कागदावर न्यायचं? नेलं तर त्यांना धोका. न नेलं तर परिपत्रक पाळलं जातंय असं मी सांगितल्यासारखं. कुठेच लिहिलं नाही. इथे लिहिते आहे.

२ मार्च, रविवार

अव्वाचा गुडघा. दुसरं काही नाही.

५ मार्च, बुधवार

माचणूरच्या वळणावर अपघात.

ज्वारी काढायला निघालेल्या बायकांचा ट्रॅक्टर शेतातून एकदम रस्त्यावर आला. धुळाप्पांनी ब्रेक मारला. गाडी ट्रॉलीपासून दोन हातांवर थांबली. ट्रॉलीत अकरा बायका होत्या, एकीलाही खरचटलं नाही.

दार बांधलेलं होतं. कंडक्टर मागे तिकिटं काढत होता. बजाबाई नावाच्या बासष्ट वर्षांच्या बाई उतरायच्या म्हणून बोचकं घेऊन दाराशी आल्या होत्या. त्या बाहेर फेकल्या गेल्या. सोलापूरला आणल्या आहेत. शुद्ध नाही.

कुंडलिक सांगत होता. शेवटी म्हणाला, "ब्रेक लागला म्हनून अकरा वाचल्या. पर त्या अकरा कोन मोजतंय, मॅडम?" आज त्याने एकही विनोद केला नाही.

७ मार्च, शुक्रवार

बजाबाई गेल्या.

धुळाप्पा निलंबित. संस्थेने पोलिसांना आणि वर्तमानपत्राला निवेदन दिलं: संबंधित चालकाने दार बांधत असल्याची कबुली जानेवारीतच दिली होती, फेब्रुवारीत लेखी मनाई करून त्याची सही घेण्यात आली होती, गाड्यांत कोणताही दोष आढळलेला नाही. सोबत माझ्या अहवालाचं एक पान, पेन्सिलीच्या खुणेसकट. एकच पान. हवेबद्दल सात जणांनी सांगितलं, ते पुढच्या पानावर होतं.

साहेबांनी चहा मागवला. "चंद्रिका मॅडम, तुमच्या अहवालामुळे संस्था वाचली."

मी "थँक्यू सर" म्हटलं. तोंडून निघून गेलं. का गेलं ते कळत नाही.

२४ मार्च, सोमवार

खात्याची चौकशी. टेबलामागे तिघं. समोर धुळाप्पा, नवा शर्ट घातलेला, घडीच्या रेघा तशाच.

मला विचारलं, हे अक्षर तुमचं? हो. सही तुमची? हो. वय सत्तावन्न, सेवा एकोणतीस वर्षं, मंगळवेढा मुक्काम, असे आगारात चालक किती?

ड्यूटीचा तक्ता मीच लिहिते. हे जानेवारीतच मोजायला हवं होतं. मी रकाने मोजले, माणसं मोजली नाहीत.

मला आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. दोन, असंही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "एक."

मग सांगू लागले की एकाच टाकीवर दार आणि ब्रेक दोन्ही आहेत, मी स्वतः काटा पाचावर आलेला पाहिला आहे. मधले गृहस्थ म्हणाले, "विचारलं तेवढंच." सुट्टीच्या दिवशी, बिनपरवानगी केलेला प्रवास पुरावा होत नाही, असंही म्हणाले.

बाहेर जिन्यापाशी धुळाप्पा थांबले होते. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "तुमी खरंच लिवलं. खोटं एक अक्षर न्हाय त्यात." रागावले असते तर बरं झालं असतं. माझे डोळे भरलेले पाहून खाली बघत म्हणाले, "इरली बिडरी." राहू द्या. बावीस वर्षांत माझ्याशी कानडीत पहिल्यांदा बोलले.

३ एप्रिल, गुरुवार

संस्थेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. हवेबद्दल बोललेल्या सातही जणांची मतं पुन्हा, क्रमांक घालून. सेवा, वय, मार्ग काही लिहिलं नाही. मग वाटलं, आता या मतांना किंमत काय राहिली? तरी पाठवलं. खाली सही द्याल का, म्हणून बाकीच्या सहांना विचारलं. कोणाला ड्यूटी होती, कोणाचा चष्मा घरी राहिला होता.

अव्वाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या माणसाला तू आधी दाखवलंस का, काय लिहिलंयस ते?"

नाही दाखवलं. शब्दन् शब्द बरोबर होता, म्हणून दाखवायची गरज वाटली नाही.

१९ एप्रिल, शनिवार

पत्राला उत्तर नाही. साहेबांनी दोनदा "तब्येत बरी आहे ना?" विचारलं.

९ मे, शुक्रवार

धुळाप्पांना बडतर्फ केलं. निवृत्तीला बावीस दिवस होते. आदेश टाइप करायला माझ्याकडेच आला. रजा टाकावी असं मनात आलं, पण मी नसते तर दुसऱ्या कोणी टाइप केला असता आणि नावात चूक केली असती. हे काय कारण झालं? पण हेच कारण मी स्वतःला दिलं आणि टाइप केलं.

१६ जून, सोमवार

पुढच्या बारा गाड्या आल्या. तेच दार, तीच एक टाकी. मी वाकून पाहिली. नारळ फुटले.

साहेबांनी बोलावलं. पुन्हा मतं गोळा करायची. "मागच्यासारखाच अहवाल हवा, वरती फार आवडला. तुमचे ते तीन रकाने आता छापूनच घेतलेत." तक्त्यांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. वय, सेवा, मार्ग. छपाई सुबक आहे.

१९ जून, गुरुवार

एकतीस तक्ते वाटले होते. सकाळी माझ्या टेबलावर एकतीसही परत. सगळ्यांवर खाली सह्या, वर सगळं कोरं.

"तुमीच भरा की, मॅडम," कुंडलिक दारातूनच म्हणाला. "तुमाला समदं नीट लिवता येतंय." टोमणा होता का? आवाजात तसं काही नव्हतं. तेच जास्त लागलं.

"हवेचं तरी सांग. नाव नाही, वय नाही, काहीच लिहीत नाही."

"हवा? फस्कलास हाय. हितनं गावापातुर नुसती हवाच हवा."

दुपारी पाळी बदलायच्या वेळेला बाहेर गेले. नव्या सतरा नंबरवर जोतिराम म्हणून चालक आला आहे, लांब पल्ल्याच्या गाडीवरून कालच मंगळवेढ्याला बदललेला. कुंडलिक त्याला किल्ली देत होता. मला पाहिलं आणि किल्ली नुसतीच दिली. धरून ठेवली नाही. एक शब्द नाही.

मग पाहत राहिले. अठरा नंबर, तेच. पाच नंबर, तेच. मी उभी आहे तोवर किल्ली नुसतीच हातात पडते.

जोतिरामला मीच सांगावं म्हणून दोन पावलं पुढे झाले. तो लगबगीने म्हणाला, "गाडी उत्तम हाय मॅडम, सही केलीया मी," आणि आत चढून बसला.

तेव्हा सुचलं की आपण इथून हललं पाहिजे, म्हणजे कुंडलिक बोलेल. पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले. भिंतीकडे तोंड करून शंभर आकडे मोजले, त्यांना पुरेसा वेळ मिळावा म्हणून.

वळून पाहिलं तर कुंडलिक कँटीनच्या दारात चहा पीत होता आणि सतरा नंबर फाटकातून बाहेर पडत होती. जोतिरामला कोणी काही सांगितलं का, ते कळलं नाही. माणसं दाटीने उभी होती. दार नीट बंद होतं.